पाळीची गोळी लिहिण्याआधी वजनकाटा बघा : डुकरिणीकडून शिकायचा एक धडा

शीर्षक वाचून काही वाचकांना राग येईल. पाळीच्या तक्रारींवरच्या लेखात डुकरीण कशाला, असा प्रश्न पडेल. लेख शेवटपर्यंत वाचा आणि मग रागवा. माझा स्वतःचा राग मात्र आधीच सांगून टाकतो. तो डुकरांवर नाही, आम्हा डॉक्टरांवर आहे आणि त्यात मीही आलोच.

माझा एक शाळासोबती पशुवैद्यक आहे. काही वर्षांपूर्वी गप्पा मारताना मी त्याला विचारलं, "तुझ्याकडे एखादी डुकरीण माजावर येत नाही म्हणून मालक आला, तर तू पहिलं औषध कोणतं देतोस?" तो हसला. म्हणाला, "औषध? आधी मी विचारतो, तिला खायला काय घालतोस, किती घालतोस, मागच्या वेताला किती पिल्लं पीत होती, आणि विल्यापासून ती किती उतरली. मग तिच्या पाठीवर आणि कमरेच्या हाडावर हात ठेवून अंगावर मांस किती आहे ते बघतो. १ ते ५ गुण असतात त्याला. औषधाचं नंतर."

मी गप्प झालो. कारण त्याच आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक मुलगी परत आली होती.

एका मुलीची गोष्ट

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वय १९. पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून ८०० मीटरचा सराव, १०० मीटरच्या धावा, गोळाफेक, संध्याकाळी पुन्हा मैदान. आई सोबत आली होती. चार महिने पाळी नव्हती. मी गर्भधारणेची तपासणी करून घेतली, थायरॉइड बघितलं, दोन्ही ठीक. मग आम्ही सगळे जे करतो तेच केलं. पाळी आणणारी प्रोजेस्टेरॉन जातीची गोळी लिहून दिली आणि म्हटलं, "गोळ्या संपल्या की आठवड्यात पाळी येईल."

दहा-बारा दिवसांनी आईचा फोन आला, "डॉक्टर, गोळ्या संपल्या, पण काहीच झालं नाही." खरं तर तिथेच माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. शरीरात इस्ट्रोजेन पुरेसं असेल तर गर्भाशयाचं अस्तर तयार असतं आणि ही गोळी थांबवल्यावर रक्तस्राव होतो. तो झालाच नाही, याचा एक मोठा अर्थ असा की इस्ट्रोजेनच कमी आहे, म्हणजे बीजकोष शांत पडला आहे. मी मात्र म्हटलं, "पुन्हा एकदा घेऊन बघू."

त्या मधल्या काळात कुणीतरी सोनोग्राफी करून घेतली. रिपोर्टमध्ये बीजकोषात अनेक लहान पुटकं दिसली, आणि मुलीच्या कपाळावर 'पीसीओडी'चा शिक्का बसला. पुढचा सल्ला ठरलेलाच : भात बंद, पोळी अर्धी, गोड बंद, वजन कमी करा. त्या मुलीची उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन ४३ किलो होतं. बीएमआय १७.२. कमी करायला तिच्याकडे होतं तरी काय?

माझ्याकडे ती परत आली ती पाळीसाठी नव्हे, नडगी दुखते म्हणून. तपासणीत नडगीच्या हाडाला ताणाने पडलेली चीर निघाली. एकोणिसाव्या वर्षी, न पडता, न धडकता. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा काट्यावर उभं केलं. पहिल्या भेटीत ते केलं नव्हतं. काटा दाराशीच होता.

डुकरिणीचा बीजकोष काय बघतो?

आता शेडमध्ये चला. डुकरिणीचं माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. माज दोन-तीन दिवस टिकतो. गाभणकाळ ११४ दिवसांचा. पालक तो तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा लक्षात ठेवतात. एका वेताला दहा-बारा पिल्लं हे आधुनिक जातींत नेहमीचं. पिल्लं पीत असताना ती सहसा माजावर येत नाही. तीन-चार आठवड्यांनी दूध तोडलं की चार ते सात दिवसांत येते.

पण सगळ्या येत नाहीत. पहिल्यांदाच व्यायलेली तरुण डुकरीण हमखास गोंधळ घालते. तिची स्वतःची वाढ अजून पुरी झालेली नसते, भूक कमी असते, आणि दहा पिल्लं तिला ओढत असतात. दूध द्यायला लागणारी ऊर्जा खाण्यातून भागत नाही, म्हणून ती अंगावरची चरबी आणि स्नायू मोडून दूध करते. अशी उतरलेली डुकरीण दूध तोडल्यावर उशिरा माजावर येते, किंवा पुढच्या वेताला पिल्लं कमी देते. जगभरच्या वराहपालकांना हे ठाऊक आहे, कारण रिकामा गेलेला प्रत्येक दिवस त्यांच्या खिशातून जातो. "होईल हळूहळू, लग्नानंतर सगळं ठीक होतं" असं डुकरिणीला कोणी सांगत नाही.

याच्या उलट एक जुनी युक्ती आहे. तरुण मादीला माजाच्या आधी दहा-बारा दिवस खुराक वाढवून द्यायचा. त्याने त्या माजात सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढते. शेळ्या-मेंढ्या पाळणारे आपले शेतकरीही हे करतात; 'फ्लशिंग' हा शब्द त्यांना पाठ आहे. १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यामागचं एक कारण दाखवलं. तरुण डुकरिणींना पुटकं वाढण्याच्या दिवसांत खाद्यातून ऊर्जा वाढवून दिली आणि इन्सुलिन टोचलं, तेव्हा सुटणाऱ्या बीजांची संख्या वाढली. साखरेचं म्हणून आपण ओळखतो ते इन्सुलिन बीजकोषाशीही बोलत होतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : उपाशी ठेवलेल्या तरुण डुकरिणींच्या रक्तात एलएच या हार्मोनचे ठोके विरळ होतात. त्यांना पुन्हा पोटभर खायला घातलं की काही तासांतच ते ठोके वाढायला लागतात. काही तासांत वजन वाढत नाही, चरबीही वाढत नाही. याचा अर्थ मेंदू फक्त अंगावरचा साठा मोजत नाही, आज आत काय आलं तेही मोजतो.

निरोप नेणारे हार्मोन

पाळीचा कारभार वरून खाली चालतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच ठोक्याठोक्याने सुटतं. ते पिट्युटरी ग्रंथीला एलएच आणि एफएसएच सोडायला लावतं. ती दोन्ही बीजकोषात पुटकं वाढवतात. हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पुस्तकात सहसा नसतं ते असं की या कारभाराला पैसा कुठून येतो याची खबर वर पोचवणारे निरोप्ये वेगळेच आहेत :

• इन्सुलिन – स्वादुपिंडातून येतं. जेवणागणिक वर-खाली होतं. घरातली रोजची उलाढाल म्हणा.

• लेप्टिन – चरबीच्या पेशी बनवतात. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवरच्या कामातून त्याचं जनुक सापडलं. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. ही बँकेतली ठेव. पण उपास घडला की चरबी घटण्याआधीच लेप्टिन घसरतं, म्हणजे ठेवीचं पुस्तक रोजचा खर्चही नोंदवतं.

• आयजीएफ-१ – मुख्यतः यकृतात बनतं. प्रथिनं आणि ऊर्जा कमी पडली की कमी होतं. बीजकोषात ते एफएसएचचा हात बळकट करतं.

• घ्रेलिन – जठरातून येणारा भुकेचा निरोप. बराच काळ जास्त राहिलं तर प्रजननाचा कारभार मंदावतो.

• अ‍ॅडिपोनेक्टिन – हेही चरबीतूनच येतं, पण लठ्ठपणात कमी होतं. डुकराच्या बीजकोषात याचे ग्राही सापडले आहेत.

गंमत म्हणजे जीएनआरएच बनवणाऱ्या पेशींवर लेप्टिनचे ग्राही जवळजवळ नसतातच. निरोप मधल्या पेशींमार्फत जातो, आणि त्यातल्या किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशी महत्त्वाच्या. २००३ साली असं दिसलं की किसपेप्टिनचा ग्राही जन्मतः बिघडलेल्या माणसांना वयात येताच येत नाही. म्हणजे ऊर्जेची खबर आणि पाळीचा हुकूम यांच्यामधला हा एक दरवाजा आहे.

दुसरं टोक : ओसाबॉची डुकरं

"डॉक्टर, माझं उलट आहे. मी ८० किलोची आहे, उपाशी कुठे?" असं म्हणणाऱ्या वाचक असतील. तुमच्यासाठीही डुकरीण आहे.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्याला ओसाबॉ नावाचं बेट आहे. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या डुकरांचे वंशज तिथे काही शतकं रानटी अवस्थेत राहिले. बेटावर खाणं कधी भरपूर, कधी काहीच नाही. त्यामुळे मिळेल तेव्हा चरबी साठवून ठेवणारी जनावरंच टिकली. ही डुकरं प्रयोगशाळेत आणून त्यांना रोज चरबी आणि साखरेचं भरपूर खाद्य दिलं, की ती लठ्ठ होतात, इन्सुलिनला दाद देईनाशी होतात आणि त्यांचा रक्तदाब वाढतो. आपल्या शहरात घडतं तेच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा लठ्ठ ओसाबॉ माद्यांचं माजाचं चक्र बिघडलेलं आढळलं आणि त्यांच्या बीजकोषात न फुटता साचलेली पुटकं जास्त दिसली.

ओळखीचं चित्र वाटतंय ना? माणसात याला आपण पीसीओएस म्हणतो. कारण असं : स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. पण बीजकोष बहिरा झालेला नसतो. त्याला ते सगळं इन्सुलिन ऐकू येतं, आणि एलएचच्या जोडीने तो पुरुषी हार्मोन जास्त बनवतो. शिवाय जास्त इन्सुलिनमुळे यकृतात एसएचबीजी हे प्रथिन कमी बनतं. ते पुरुषी हार्मोनला धरून ठेवणारं असल्याने रक्तात मोकळं हार्मोन वाढतं. मग चेहऱ्यावर केस आणि मुरुमं येतात, पुटकं अर्ध्यात अडकतात, पाळी लांबते.

या अर्ध्यात अडकलेल्या पुटकांनाच रिपोर्टमध्ये 'सिस्ट' म्हणतात. त्या गाठी नाहीत. कापायच्या नसतात, विरघळवायच्याही नसतात. बीजकोषात चूक झाली म्हणून त्या आल्या असं बहुधा नसतं. बीजकोषाला चुकीची खबर मिळाली म्हणून त्या साचल्या.

तर मग दोन डुकरिणी झाल्या, एक उतरलेली आणि एक लठ्ठ. दोघींचा माज चुकला. औषधाच्या कपाटात दोघींसाठी एकच बाटली ठेवणारा पशुवैद्यक तुम्ही चांगला मानाल का?

माणसाचं काय?

डुक्कर म्हणजे माणूस नाही. डुकरिणीला पाळी येत नाही, माज येतो. ती एका वेळी पंधरा-वीस बीजं सोडते, स्त्री सहसा एक. म्हणून डुकरांवरचा आकडा उचलून मी तुम्हाला लावणार नाही. पण माणसांतले पुरावेही तेच बोलतात.

१९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेला. असंख्य स्त्रियांची पाळी थांबली आणि नऊ महिन्यांनी जन्मांची संख्या कोसळली. अन्न आल्यावर ती पुन्हा वर आली. त्या स्त्रियांचे बीजकोष आजारी नव्हते.

२००३ साली अमेरिकेत अ‍ॅन लॉक्स यांनी पाळी नियमित असलेल्या तरुणींवर प्रयोग केला. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करून शरीराच्या कामांसाठी किती उरते, ते त्यांनी मोजलं. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे ती ३० कॅलरींच्या खाली गेली, की पाच दिवसांत एलएचचे ठोके बिघडू लागले. फक्त पाच दिवसांत.

२००४ साली पाळी थांबलेल्या आठ सडपातळ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली गेली. त्यांचं वजन वाढलं नव्हतं, व्यायाम थांबला नव्हता. तरी आठपैकी तिघींना बीज सुटून पाळी आली. 'घरात पैसा आहे' एवढी खोटी खबर दिली आणि बंद पडलेला कारभार हलला. (हे उपचार म्हणून सांगत नाही. खबर खोटी असेल तर हाडांचं आणि वजनाचं मूळ दुखणं तसंच राहतं.)

आता त्या मुलीचा हिशोब करू. ४३ किलोपैकी चरबी सोडून साधारण ३५ किलो. त्याला ३०ने गुणा : १०५०. ही सगळ्यात खालची पायरी. सराव दिवसाला अंदाजे ४०० कॅलरी खाणार. म्हणजे १४५०च्या खाली घसरलं की धोका, आणि नीट चालायला २००० च्या आसपास हव्यात. तिच्या डायटच्या वहीतलं मी मोजलं : सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी एक भाकरी आणि भाजी, संध्याकाळी उकडलेलं अंडं, रात्री काकडी-गाजर आणि ताक. कसंबसं ११०० भरलं. हा हिशोब करायला मला पाच मिनिटं लागली. एकाही सोनोग्राफीने तो केला नसता.

माझ्या तक्रारी

पहिली, आमच्या धंद्याशी. पाळी चुकली की गोळी, आणि गोळीने रक्तस्राव झाला की "पाळी आली" असं आपण सांगतो. तो गोळी थांबवल्याचा रक्तस्राव असतो. बीज सुटलं का, हाडं नीट आहेत का, इन्सुलिनचं काय चाललंय, यातलं तो काहीच सांगत नाही. कॅलेंडरवर लाल खूण होते आणि घरचे निश्चिंत होतात. मूळ दुखणं पुढच्या महिन्याची वाट बघत बसतं.

दुसरी, शिक्क्यांशी. तरुण मुलींच्या बीजकोषात अनेक लहान पुटकं दिसणं अगदी नेहमीचं आहे. कमी खाल्ल्याने पाळी थांबलेल्या मुलींतही ती दिसू शकतात. म्हणून २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका. आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुली असा रिपोर्ट घेऊन येतात आणि भीतीने भात सोडतात.

तिसरी, "आधी वजन कमी कर, मग ये" या वाक्याशी. ८० किलोच्या बाईला हे ऐकवून दारातून परत पाठवणं म्हणजे उपचार नव्हे. ती घरी जाऊन तीन आठवडे फक्त सूप पिते, केस गळतात, मग सगळं वजन व्याजासकट परत येतं. लठ्ठ शरीरालाही अचानक उपाशी ठेवलं की रोजची उलाढाल थांबल्याची खबर मेंदूकडे जातेच. खरं तर अंगावर जादा वजन असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ८० किलोमागे ते ४ ते ८ किलो. हे सहा महिन्यांत, जेवूनखाऊन होतं. पण ते कसं करायचं हे बसून सांगावं लागतं.

चौथी, डब्यांशी. 'हार्मोन बॅलन्स' करणाऱ्या पावडरी आणि चहा विकणाऱ्यांना एक प्रश्न विचारा : कुठलं हार्मोन, कुठल्या दिशेने? उतरलेल्या मुलीचं इन्सुलिन वर न्यायचं असतं, लठ्ठ बाईचं खाली. एकच डबा दोन्ही करतो म्हणणारा एक तर जादूगार, नाहीतर व्यापारी. लेप्टिन-अ‍ॅडिपोनेक्टिनच्या महागड्या तपासण्यांचाही नेहमीच्या दवाखान्यात उपयोग नाही. काटा आणि मोजपट्टी त्याहून जास्त सांगतात.

पाचवी, घराशी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश होत्या आणि २४ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ. दोन्ही डुकरिणी एकाच देशात, अनेकदा एकाच घरात. ज्या घरात सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते, जिथे लग्न ठरलं की मुलीचं रात्रीचं जेवण बंद होतं, तिथे पाळीची तक्रार स्वयंपाकघरातच सुरू होते. विणाऱ्या जनावराला खुराक लावणारे आपण, मुलीच्या ताटातली पोळी मात्र मोजतो.

काही आक्षेप

माझे स्त्रीरोगतज्ज्ञ मित्र म्हणतील, गोळ्या वाईट नाहीत. बरोबर आहे. पीसीओएसमध्ये तीन-तीन महिने पाळी आली नाही तर अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्यात धोका असतो. तिथे प्रोजेस्टेरॉन किंवा गर्भनिरोधक गोळ्या द्यायलाच हव्यात. मेटफॉर्मिनही अनेकींना उपयोगी पडतं. माझी तक्रार गोळीशी नाही, गोळीच्या आधी न विचारलेल्या प्रश्नांशी आहे.

"सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो." असतोच. आणि काहींचं वजन ठीक असूनही इन्सुलिनचा घोळ असतो. म्हणून तर नुसत्या दिसण्यावरून ठरवू नका म्हणतो. पुरुषी हार्मोनची लक्षणं आहेत का, घरात मधुमेह आहे का, मानेवर काळसर जाड पट्टा आहे का, वजन गेल्या वर्षभरात कुठल्या दिशेने गेलं, हे विचारलं की बहुतेक वेळा वाट दिसते.

"ओपीडीत एवढा वेळ कुठे?" काट्यावर उभं करायला अर्धं मिनिट लागतं. मी ते अर्धं मिनिट वाचवलं होतं, आणि त्या मुलीच्या नडगीने त्याची किंमत दिली.

तुम्ही काय कराल?

• पाळी चुकली आणि गर्भधारणा शक्य असेल तर आधी ती तपासणी. मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन.

• डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या : आजचं वजन, वर्षापूर्वीचं वजन, उंची, तीन दिवसांचं खाणं खरंखरं, रोजचा व्यायाम, झोप, चालू औषधं.

• डॉक्टरांनी वजन केलं नाही तर तुम्हीच म्हणा, "डॉक्टर, माझं वजन बघता का?" यात उद्धटपणा नाही.

• पाळी आणणाऱ्या गोळीनंतरही रक्तस्राव झाला नाही, तर ते न विसरता सांगा. ती महत्त्वाची खूण आहे.

• खेळाडू, भरतीची तयारी करणाऱ्या, नृत्य शिकणाऱ्या मुलींनी : पाळी थांबणं हे सराव चांगला चालल्याचं लक्षण नाही. तीन महिने पाळी नसेल तर थांबा आणि दाखवा. सरावाच्या आधी आणि नंतर खा. भात, भाकरी, डाळ, दूध, अंडी, शेंगदाण्याचा लाडू, यातलं काही पाप नाही.

• वजन जास्त असेल तर : जेवणं चुकवू नका, गोड पेयं आणि अधलंमधलं फरसाण कमी करा, ताटात डाळ-उसळ-अंडी वाढवा, रोज चाला आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर द्या. वर्षातून एकदा साखर तपासा.

• बाळाला पाजणाऱ्या आयांनो : तुमची भूक हा लाड नाही. मात्र पाळी आली नाही म्हणून गर्भ राहणारच नाही, असं धरून चालू नका.

• वाढत्या मुलीला १५ वर्षांपर्यंत पाळी आलीच नाही, तर "घरात सगळ्यांना उशिराच येते" म्हणून बसू नका.

ती मुलगी? भरतीचं ते वर्ष गेलं. मैदान सोडताना ती दवाखान्यातच रडली, आणि आईने मला विचारलं, "डॉक्टर, हे आधी का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही गोळ्या बंद केल्या, सराव थांबवला, ताट वाढवलं. पहिले दोन महिने वजन वाढायची तिला धास्ती वाटत होती. सात महिन्यांनी, ४९ किलोवर, पाळी आपली आपण आली. पुढच्या भरतीला ती धावली.

माझ्या दवाखान्यात आता काटा दाराशी नाही, माझ्या खुर्चीच्या शेजारी आहे. पाळीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी त्यावर उभं करतो आणि विचारतो, "काल दिवसभरात काय काय खाल्लंस, सांग बघू."

(हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःचे उपचार स्वतः ठरवू नका. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.)